उपाशी गोधडी

निकुंभ बाईंनी मला सातवीत शिवणात पस्तीस मार्क दिले, आणि ते का दिले हेही भर वर्गात सांगितलं. "मंदा, तुझे होतात तेवीस. वरचे बारा तुझ्या आईचे. तुझी बटणं जन्मभर त्या माउलीलाच लावायची आहेत." चाळीस मुली खिदळल्या. त्या दिवशी मी मनाशी पक्कं केलं, की ही बाई उद्या मेली तरी आपण डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही.

गेल्या श्रावणात बाई गेल्या. शेवटचे महिने पुण्याला पुतण्याकडे होत्या. फोन आला तेव्हा मी मेथी निवडत होते. फोन ठेवला, आणि निवडलेली पानं केरात टाकून काड्या फोडणीत घातल्या. एवढ्यावरून काय ते समजा.

बाई शाळेत शिवण शिकवायच्या. सिन्नरच्या शिंप्याची मुलगी, लग्न केलं नाही, का केलं नाही हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. शाळेत त्यांचा एक शब्द ठरलेला: "उसव." तुम्ही काज करून नेलं, की बाई चष्म्यावरून एकदा बघायच्या आणि म्हणायच्या, "उसव." तिसऱ्यांदा उसवताना रडू आलं, तर वर म्हणायच्या, "घाई कोणाला आहे? तुला की दोऱ्याला?" माझी तर अख्खी सातवी उसवण्यात गेली.

निवृत्त झाल्यावर त्यांनी नाशकात मखमलाबाद रोडला एका बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या वरचा लांबलचक हॉल भाड्याने घेतला आणि जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवायला लागल्या. नुसत्या पांघरायच्या नव्हेत. एकेक गोधडी भिंतीवर लावली, तर माणसाने बघत उभं राहावं अशी. पेपरात कोणीतरी 'टेक्स्टाइल आर्टिस्टचा स्टुडिओ' असं छापल्यापासून लोक त्या जागेला स्टुडिओ म्हणायला लागले. बाई 'खोली'च म्हणायच्या. तिन्ही भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि त्यांवर घड्या: नऊवारी लुगडी, मालेगावच्या मागावरची जुनी सुती पातळं, इरकली, खणाचे तुकडे, धोतरं, पैठणीचे नुसतेच उरलेले काठ, कोणाच्या मुंजीतलं उपरणं, कोणाच्या बाळंतपणातलं कानाला बांधायचं फडकं. बोहारणी भांड्यांवर घेतलेल्या कपड्यांतलं जुनं सुती असेल ते आधी बाईंच्या दारात आणून टाकायच्या. गिरणी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तरी जिन्यात ज्वारीच्या पिठाचा वास यायचा, आणि वर पोचलं की वेखंडाचा.

आत शिरल्या शिरल्या डाव्या हाताला मोरी होती. आधी हात धुवायचे, खुंटीवरच्या पंच्याला पुसायचे, मग पुढे. कलेक्टरीणबाई आल्या तरी त्यांनाही मोरी दाखवली. "तुमचे हात स्वच्छ असतील हो," बाई म्हणाल्या, "पण ह्या सगळ्या माझ्याकडे मुक्कामाला आलेल्या बायका आहेत. पाहुणीला कोणी खरकट्या हाताने शिवतं का?"

कपड्यांना त्या बायकाच म्हणायच्या. कापड हातात दिलं, की हे सुती आहे का रेशमी, कुठलं, किती जुनं, हे पुढचं. पहिला प्रश्न एकच: "कोणाचं?" एकदा कॉलेज रोडहून एक बाई पिशवीभर भारी कपडे घेऊन आल्या. व्हिंटेज आहेत, म्हणाल्या. बाईंनी विचारलं, "कोणाचं?" त्या म्हणाल्या, "कोणाचं म्हणजे? ऑनलाइन मागवलंय." बाईंनी पिशवी त्यांच्या हातात परत दिली. "मग ह्याची गोष्टही ऑनलाइनच मागवा. मला ती येत नाही." त्या बाई तणतणत जिना उतरल्या. मी म्हटलं, "अहो, गिऱ्हाईक होतं ते." तर म्हणे, "असेल. माणूस कुठे होतं त्या पिशवीत?"

आणि 'कोणाचं'चं उत्तर आलं, की चिठ्ठी लिहायची. लुगडं कोणाचं, कोणी घेतलं, कुठल्या बाजारात, लग्नातलं का बाळंतपणातलं, ठिगळ कशामुळे लागलं, डाग कशाचा. सगळं लिहून चिठ्ठी सेफ्टी पिनने कापडाला लावायची. मी पोस्टातून निवृत्त झाले आणि दुपारी तिथे जाऊन बसायला लागले, तेव्हापासून चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे आलं. "तुझं शिवण दळभद्री, पण अक्षर बरं आहे," हे माझं नेमणूकपत्र.

मी तिथे पोचले ती माझ्या आईमुळे. आई गेली आणि तिच्या साड्यांचं कपाट मला उघडवेना. शेवटी सात साड्यांचं बोचकं बांधून बाईंकडे नेलं. चाळीसेक वर्षांनी भेटत होते, पण त्यांनी ओळखलं. "पस्तीस," एवढंच म्हणाल्या. मग बोचकं सोडलं, सगळ्यात वरची निळी पाचवारी काढली, काठाला दाताने जरासा छेद दिला आणि ती माझ्या हातात ठेवली. "फाड."

बाई कात्री कधी वापरायच्या नाहीत. कात्री आपण नेऊ तिकडे जाते, त्या म्हणायच्या, आणि फाडलं की कापड आपल्या धाग्याने सरळ जातं. मला ते तेव्हा काय माहीत! मी नुसती साडी घट्ट धरून उभी. आईची साडी आणि फाडायची? तो आवाज ऐकवणार नाही, असं काहीतरी मी पुटपुटले असेन. बाई जवळ आल्या, माझे दोन्ही अंगठे छेदाच्या दोन बाजूंना नीट धरवले आणि म्हणाल्या, "रड. पण सरळ फाड."

मी रडत रडत सात साड्या फाडल्या. खोटं कशाला सांगू, पाचव्या साडीपासून बरं वाटायला लागलं. ती गोधडी आज माझ्या अंगावर असते. तिच्यातला शेवटचा टाका मात्र बाईंचा नाही, माझा आहे.

तीच त्यांची रीत. सिन्नरला त्यांच्या घरात आजीपासून चालत आलेली. गोधडी पूर्ण होत आली, की एका कोपऱ्याला चार बोटं जागा उघडी ठेवायची. ज्याची गोधडी, ते माणूस आलं, की त्याने स्वतःच्या घरच्या भाकरीचा नखाएवढा तुकडा त्या उघड्या जागेतून आत सारायचा आणि शेवटचे टाके स्वतःच्या हाताने घालायचे. "पोट भरल्याशिवाय तोंड शिवायचं नाही," बाई सांगायच्या. "उपाशी गोधडी ऊब देत नाही." मी एकदा म्हटलं, "बाई, मुंग्या लागतील हो." त्या म्हणाल्या, "लागू देत. कोणाचं तरी पोट भरेल."

कितीतरी माणसं मी तो कोपरा शिवताना पाहिली. मिशीवाले पोलीस हवालदार पाहिले, सुईत दोरा ओवता येत नाही म्हणून घाम फुटलेले. टाके वाकडेतिकडे पडायचे. पण तेवढ्या चार बोटांपुरतं बाई कोणालाही "उसव" म्हणायच्या नाहीत.

आता मंगळीचं सांगते. हे सांगताना मला माझाच राग येतो, पण सांगायला हवं.

गिरणीच्या शेजारी एका इमारतीचं बांधकाम चाललं होतं. तिथे घमेली उचलणाऱ्या बायकांत एक होती मंगळी, हरसूलच्या डोंगराकडची. आमच्या गॅलरीत वाळत घातलेल्या गोधड्या ती रोज वरून, स्लॅबवरून बघायची. एक दिवस दुपारच्या सुट्टीत ती जिना चढून आली. दारातच थबकली, मोरी दिसल्यावर न सांगता हात धुतले, आणि पदराखालून एक गाठोडं काढलं. आत हिरवं लुगडं होतं, तांबड्या काठाचं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं.

"कोणाचं?" बाईंनी विचारलं.

"माझ्या आयचं. आय मेली आवंदा." मंगळी लुगड्याकडे बघत बोलत होती. "माझी पोर हाय, चंद्रा. आश्रमशाळेत टाकलीय. तिथं लय थंडी वाजती तिला. मागल्या थंडीत पळून आली व्हती घरी. म्हनती, मी नाय जायाची. म्हनलं, तुला आजीची गोधडी देते, मग तर जाशील?"

बाईंनी लुगडं जमिनीवर पसरलं. मधोमध त्याला दांड घातलेला होता. म्हणजे लुगडं मधे विरलं, की तेवढा भाग काढून टाकून उरलेले दोन तुकडे एकमेकांना जोडतात, तो जोड. आणि तो जोड शिवला होता जाड निळ्या दोऱ्याने, खताच्या गोणीचं तोंड शिवतात ना, त्या दोऱ्याने. बाई गुडघ्यांवर बसून त्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. एकेक टाका तांदळाच्या दाण्याएवढा.

"कोणी शिवला हा दांड?"

"आयनंच."

"मंदे, लिही," बाई म्हणाल्या, आणि मी लिहायला बसले. लुगडं कुठल्या जत्रेत घेतलं, ते. आईने ते भात लावणीला नेसून किती वर्षं वापरलं, ते. काठाजवळचा डाग मोहाच्या फुलांचा, ते. निळा दोरा कुठून आला, ते. मंगळीला इतकं कोणी कधी विचारलं नसावं. ती आधी लाजत, मग रंगात येऊन सांगत गेली. शेवटी मी लिहिलं: 'मंगळी, हरसूलकडची. मुलगी चंद्रा. होळीला नेणार.' इथलं काम संपलं, की ती पिंपळगावला द्राक्षाच्या बागेत जाणार होती आणि होळीला गावाकडे जाताना गोधडी घेऊन जाणार होती.

बाईंनी ती गोधडी जीव ओतून शिवली. निळ्या दोऱ्याचा दांड झाकला नाही, उलट बरोबर मधे, वरच्या अंगाला ठेवला, आणि त्याच्याभोवती फेर धरावा तसे आपले धावदोऱ्याचे टाके घातले. माघ संपायच्या आत गोधडी तयार होती. कोपरा चार बोटं उघडा.

होळी आली. मंगळी आली नाही.

पुढच्या होळीलाही आली नाही. दर दिवाळीनंतर बाई ट्रंकेतून ती गोधडी काढायच्या, ऊन द्यायच्या, वेखंडाच्या कांड्या बदलायच्या आणि परत ठेवायच्या. थंडीची पहिली लाट आली, की त्यांचा हात शिवता शिवता थांबायचा. "ते पोर तिथे कशावर निजत असेल, मंदे?" दर वर्षी हाच प्रश्न. चौथ्या वर्षी मी म्हटलं, "बाई, विसरली असेल हो ती." त्या माझ्यावर खेकसल्या, "आईचं लुगडं कोणी विसरतं? तू विसरलीस?" मग मी म्हटलं, आपणच जाऊन शोधू या का? तर तेही पटेना. "गोधड्या डोक्यावर घेऊन गावोगाव फिरायला मी बोहारीण आहे का? नेणारी येईल." हट्टी तर अशा, की बोलायची सोय नाही. पण तो नुसता हट्ट नव्हता, हे आता मला कळतं. शोधायला निघायचं, तर वाईट काहीतरी कळेल, ह्याची त्यांना भीती वाटत असणार.

अशी आठ वर्षं गेली. बाई ऐंशीच्या झाल्या. काचबिंदूने नजर आक्रसत चालली. फुंकणीतून बघावं तसं दिसतं, म्हणायच्या. टाके बोटांनी मोजून घालायला लागल्या. गिरणीच्या मालकाने जागा विकायला काढली आणि गुढीपाडव्यापर्यंत खोली रिकामी करा, असं नम्रपणे सांगितलं. पुतण्या पुण्याला न्यायला तयार होता. ज्यांच्या त्यांच्या गोधड्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या. उरलेली कापडं एका कलाशाळेने नीट चिठ्ठ्यांसकट न्यायचं कबूल केलं. राहिली ट्रंकेतली एक.

त्याच थंडीत मुंबईहून एक बाई आल्या. प्रदर्शनं भरवायच्या. बाई चांगल्या होत्या, उगाच नावं ठेवणार नाही. हातही न सांगता धुतले. त्यांनी सगळं बघितलं आणि ट्रंकेतल्या त्या गोधडीपुढे येऊन बसल्या.  मग म्हणाल्या, ही आम्हाला द्या. निकुंभ बाई म्हणाल्या, "माझी नाही. मंगळीची आहे."

"मग मंगळीबाईंचंच नाव खाली लिहू. त्यांची परवानगी घेऊ." त्यांनी पर्स उघडून वही काढली. "गाव कोणतं त्यांचं?"

"हरसूलकडची," बाई म्हणाल्या.

"हो, पण हरसूलकडे कितीतरी पाडे आहेत ना? कुठल्या पाड्यावरच्या?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी चिठ्ठीकडे बघितलं. दोन्ही बाजू भरून लिहिलेली, माझ्याच अक्षरातली. जत्रेचं नाव होतं, मोहाचा डाग होता, गोणीचा दोरा होता. गाव नव्हतं. आडनाव नव्हतं. मुलीच्या शाळेचं नावसुद्धा नव्हतं. अहो, आयुष्यभर पोस्टात नोकरी केली मी! पत्ता अर्धवट लिहिलेलं पाकीट खिडकीवर आलं, की समोरच्याला फाडून खात होते. आणि ज्या दिवशी खरोखरीच पत्ता लिहायला हवा होता, त्या दिवशी माझा हात चालला नाही. आठ वर्षांत ती चिठ्ठी मी दहादा तरी वाचली असेन, तरी कधी ध्यानात आलं नाही. लाज वाटली मला. आजही वाटते.

मुंबईच्या बाई गेल्या. निकुंभ बाई तशाच खाली बसून होत्या, गोधडीवर हात ठेवून. चहा केला तो निवला. मग म्हणाल्या, "लुगड्याला सगळं विचारलं गं. बाईला काहीच नाही विचारलं."

मी म्हटलं, "चिठ्ठी मी लिहिली, बाई. चूक माझी."

"तू लिहिलंस ते मी सांगितलेलं." आणि मग शाळेतल्या आवाजात, "हरसूलचा बाजार कोणत्या वारी असतो, ते बघ."

अशा आम्ही दोघी म्हाताऱ्या लाल एसटीने वाघेऱ्याचा घाट चढून हरसूलला गेलो. बाईंच्या मांडीवर ट्रंकेतली गोधडी, जुन्या धोतरात गुंडाळलेली. बाजारात सुकट विकणारी आणि बांगड्यांवाली ह्यांच्या मधे जागा मिळाली. बाईंनी धोतर अंथरलं, त्यावर गोधडी पसरली, निळा दांड वर येईल अशी, आणि शेजारी बसल्या. बायका यायच्या, वाकून बघायच्या, विचारायच्या, "कशी दिली?"

"विकायची नाही," बाई सांगायच्या. "ओळखायची आहे. बघा बरं, ओळखू येतंय का कोणाचं?"

लोकांना वाटलं असेल, म्हातारीचं डोकं फिरलंय. मला आधी संकोच वाटत होता; मग नाही वाटला. बाई प्रत्येकीचा हात धरून दांडावर ठेवायच्या. एरवी हात धुतल्याशिवाय कापडाला शिवू न देणारी बाई! कोणाच्या हाताला मिरचीची पूड, कोणाच्या मासळीचा वास. त्या दिवशी कोणी ओळखलं नाही. पुढच्या बाजारालाही नाही. बाईंना परतीच्या गाडीत उलटी झाली. मी म्हटलं, आता पुरे. त्या म्हणाल्या, "घाई कोणाला आहे? तुला की दोऱ्याला?"

तिसऱ्या बाजारी एक वाकलेली म्हातारी आली. तिने गोधडीकडे बघितलं नाही, नुसती शिवणीवर बोटं टेकली आणि बसकणच मारली. "हा दोरा मी दिल्हा व्हता," ती म्हणाली. "माझ्या बहिनीला. आमच्या घरची गोन व्हती ती."

बाईंनी तिचे दोन्ही हात धरले. "मंगळी कुठे आहे?"

मंगळी नव्हती. आठ वर्षांपूर्वी, त्याच होळीला, पिंपळगावहून मजूर घेऊन येणारा टेम्पो उलटला होता. चंद्रा त्यानंतर शाळेत गेली नाही. आता तिचं लग्न झालं होतं, पदरात पोर होतं, आणि तीही पिंपळगावकडेच द्राक्षं खुडायला गेली होती. म्हातारीकडे तिचा मोबाइल नंबर नव्हता. पण बागेवर जाणारं कोणी ना कोणी असतंच, निरोप धाडते, म्हणाली.

मी वहीतला कागद फाडला. गिरणीचा पत्ता, रस्ता, खूण, माझा नंबर, पिनकोडसुद्धा लिहिला. म्हातारीने तो पदराच्या टोकाला गाठ मारून बांधला. पोरीला येताना घरची भाकरी आणायला सांगा, म्हणून बाईंनी तिला उघडा कोपरा दाखवून रीत समजावली.

परत येताना बाई खिडकीशी बसल्या होत्या, गोधडीचा उघडा कोपरा मुठीत धरून. नाशिक आल्यावर म्हणाल्या, "ती येतच होती, मंदे. आपल्याकडेच यायला निघाली होती." आणि मग, मी आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना रडताना पाहिलं. स्टँडवर, भर गर्दीत, तोंडाला पदर न लावता त्या रडल्या.

त्यानंतरचे दिवस वाट बघण्याचे. खोली रिकामी होत गेली. फळ्या उघड्या पडल्या. बाईंना आता उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. होळी पेटली, विझली. कोणी आलं नाही. धुळवड गेली. मी मनातल्या मनात पाडव्याचे दिवस मोजत होते आणि बाईंना कळू देत नव्हते. त्यांना कळत होतंच.

रंगपंचमीला आमच्या नाशकात काय होतं, ते सांगायला नको. रंगाच्या पाण्याने भरलेल्या रहाडींत, त्या जुन्या हौदांत, उड्या, रस्त्यावर डीजे, दिसेल त्याच्यावर रंग. बाई त्या दिवशी दर वर्षी सगळ्या खिडक्या लावून घ्यायच्या, कापडावर थेंब उडू नये म्हणून. ह्या वर्षी कापड काहीच उरलं नव्हतं, तरी खिडक्या लावल्या. चारच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली. दारात एक तरुण मुलगी उभी. काखेला पोर, तोंड गुलाबी-हिरवं, वाटेत कोणी सोडलं नव्हतं बिचारीला. हातात घामाने मऊ झालेला कागद. माझं अक्षर.

"निकुंभ बाई हितंच ऱ्हात्यात का?"

बाई आवाजाच्या दिशेने उठल्या. पहिलाच प्रश्न त्यांनी विचारला, "गाव कोणतं गं तुझं?"

मुलगी गोंधळली. "बोरपाडा," म्हणाली.

"मंदे, लिही."

बाईंनी गोधडी स्वतः उलगडली. चंद्रा पुढे आली आणि मधेच थांबली. हात रंगाने बरबटलेले होते. ती मोरीकडे वळली, तर पावलं ऐकून बाई म्हणाल्या, "राहू दे. तशीच ये."

चंद्राने दांडाला हात लावला.  मग हळूच म्हणाली, "आय म्हनली व्हती. नाशकात एक खोली हाय, कापडांची. तिथं आजीची गोधडी शिवत्यात. होळीला आनते." पोराने तिचा पदर ओढला, तो तिने सोडवला. "मला वाटलं, शाळेत जावं म्हनून आय खोटं बोलली. लय राग व्हता मला तिचा. इतकी वर्सं."

मी तोंड फिरवून सुईत दोरा ओवायला घेतला. बाई मात्र चाचपडत तिच्याजवळ जाऊन खाली बसल्या. तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं.

"तुझी आई खोटं नव्हती बोलली," बाई म्हणाल्या. "ती येऊन गेली. समोर बसली होती माझ्या. मी तिला गाव नाही विचारलं, बाळा. नुसतं लुगड्याचंच विचारत बसले. नाहीतर ही त्याच साली तुझ्या अंगावर आली असती."

 चंद्राने पिशवीतून फडक्यात बांधलेली नागलीची भाकरी काढली. म्हातारीने तिला रीत सांगितलेली असणार. तिने नखाएवढा तुकडा मोडला, आत सारला, आणि मी ओवून दिलेल्या सुईने कोपरा शिवायला घेतला. आईच्या आईसारखेच बारीक टाके, तांदळाच्या दाण्याएवढे. शिवून झाल्यावर बाईंनी कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. फिरवला, परत फिरवला. गोधडीवर गुलाबी बोटं उमटली होती, ती बाईंना दिसली नाहीत आणि मी सांगितली नाहीत.

त्यानंतर आठवडाभर मी बाईंना रोज भेटत होते. पुतण्याच्या गाडीतही मीच बसवलं. पण मला आठवतात त्या त्याच दुपारच्या. चंद्रा गोधडी डोक्यावर घेऊन जिना उतरून गेली होती, आणि बाई एकट्याच कठड्याला धरून वर उभ्या होत्या. खाली ढोल आणि आरडाओरडा. मी सगळं लिहून घेतलं होतं, पाडा, तालुका, नवऱ्याचं नाव, मोबाइल नंबर. तरी बाईंनी अचानक खाली वाकून, शाळेत मैदानावर मारायच्या तशी हाक मारली, "चंद्रा! गाव काय म्हणालीस?"

गर्दीतून आवाज आला, "बोरपाडा!"

"बोरपाडा," बाई म्हणाल्या. मी त्यांना आत चला म्हटलं, पण त्या हलल्या नाहीत. कठडा धरून, खाली तोंड करून, त्या ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या.